एकोणऐंशी डाग

ज्या वर्षी पत्रेवाल्याच्या धाकट्या मुलीला जुळ्या मुली झाल्या, त्याच वर्षी त्याच्या मेव्हण्याचे हात थरथरायला लागले.

पत्रेवाला बादल्या, नरसाळी, पन्हळी आणि पाण्याच्या टाक्या करायचा. पंचेचाळीस वर्षं त्यानं पत्रा कापला, वाकवला आणि डाग देऊन जोडला. दोन कडांमध्ये कथील आणि शिसं वितळवून त्या एक करायच्या, याला त्यांच्या धंद्यात डाग देणं म्हणतात. त्याचा डाग गळला असं म्हणणारा माणूस अख्ख्या बाजारात सापडला नसता. मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तो रेडिओ दुरुस्त करायचा. डाग तोही द्यायचा, पण मुंगीच्या डोक्याएवढा.

"भाऊजी, तुमच्या एका डागाच्या शिशात माझे दोन रेडिओ होतील," मेव्हणा म्हणायचा.

"तुझ्या रेडिओत पाणी भरून दाखव आणि मग बोल, डॉक्टर," पत्रेवाला म्हणायचा. लोक आजारी रेडिओ काखेत मारून त्याच्याकडे यायचे, म्हणून डॉक्टर. हा विनोद तीस वर्षं चालला होता आणि दोघांनाही तो दर वेळी ताजाच वाटायचा.

हात थरथरायला लागल्यावर मेव्हण्याचं दुकान नावापुरतं उरलं. तो दुकानामागच्या एका खोलीत एकटाच राहायचा. मुलगा दूरच्या गावी नोकरीला होता. तो दोन दिवस येऊन राहिला, दुकानाला रात्रभर कुलूपच नव्हतं हे त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "बाबा, हात गेले ते गेले, आता डोकंही साथ देत नाही. बंद करा हे. माझ्याकडे चला."

"कुलपं मी विशीतही विसरायचो," मेव्हणा म्हणाला. "तुझ्या आईला विचार." पण मुलाची आई जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि हे बोलल्यावर मेव्हण्यालाच ते आठवलं. मुलगा चार महिन्यांनी सुट्टी घेऊन येतो, एवढंच सांगून गेला.

त्यानंतर आठ दिवसांनी मेव्हणा एक लाकडी खोकं घेऊन बहिणीच्या घरी आला. खोक्यात दोन जड ट्रान्सफॉर्मर होते, वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार व्हॉल्व्ह होते, सिगारेटच्या डब्यांत भरलेले कंडेन्सर आणि रेझिस्टन्स होते. व्हॉल्व्ह म्हणजे काचेच्या बाटल्या, आत तारेची जाळी, पेटल्या की निखाऱ्यासारख्या लाल होतात. जुन्या रेडिओत असायच्या. तीस वर्षं एकेक वस्तू बाजूला काढून ठेवली होती.

"लोकांचे बरे केले. स्वतःसाठी एक चांगला अँप्लिफायर करायचा राहून गेला," तो म्हणाला. मग त्यानं खिशातून एक कागद काढला. त्यावर सगळी जोडणी पेन्सिलीनं काढलेली होती. रेघा नागमोडी होत्या. "पुस्तक न बघता काढलीय. रेघ हलली ती हातानं. जोडणी हललेली नाही. भाऊजी, हात तुमचे, डोकं माझं."

"मला त्यातलं ओ का ठो कळत नाही."

"कळायला नकोच आहे. मी सांगीन तिथं डाग द्यायचा. आणि आजपासूनच लागायचं."

पत्रेवाल्याची बायको दारात उभी राहून ऐकत होती. "बाळ, आणि घाई कसली एवढी?" तिनं विचारलं. एकसष्ट वर्षांच्या भावाला ती बाळच म्हणायची.

"मुलाला शब्द दिलाय, ताई. तो येईल तेव्हा हे वाजलं, तर माझं डोकं शाबूत, मी इथंच राहणार. नाही वाजलं, तर मी मुकाट्यानं गाठोडं बांधणार. त्यानंही पत्रानं कबूल केलंय."

 मग पत्रेवाल्यानं मोजपट्टी काढली आणि ट्रान्सफॉर्मरची लांबी-रुंदी घेतली.

पहिलं काम पेटीचं होतं, आणि ते त्याच्या हातचं होतं. एकाच पत्र्यातून, एकही स्क्रू न लावता, कडा दुमडून त्यानं अशी पेटी केली की मेव्हणा ती उलटीपालटी करून बघत राहिला. व्हॉल्व्हची भोकं कंपासनं आखली आणि कानशीनं इतकी गुळगुळीत केली की बोट फिरवलं तर खरचटू नये.

"यात पाणी भरलं तर?" मेव्हण्यानं विचारलं.

"एक थेंब जाणार नाही."

"भरू नका म्हणजे झालं."

दुसरं काम डागांचं. मेव्हण्यानं आपली विजेची डागणी त्याच्या हातात दिली. ती पेन्सिलीएवढी होती. पत्रेवाल्याची स्वतःची डागणी म्हणजे मुठीएवढा तांब्याचा ठोकळा, कोळशात लाल करायचा.

"हिनं काय कान कोरायचे?" तो म्हणाला.

"कोरा, पण हलक्या हातानं. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, भाऊजी. इथं फक्त राळ लावायची. राळेशिवाय दुसरं काही नाही. तुमची ती बाटली या टेबलावर नको."

बाटली म्हणजे तेजाबाची. तेजाबात जस्ताचे तुकडे टाकून त्याचा जोर मारायचा, मग ते पिसानं पत्र्यावर फिरवायचं. पत्रा कितीही काळवंडलेला असो, लखलखीत होतो आणि कथील त्यावर पाण्यासारखं पळतं. पत्रेवाल्यानं सात हजार बादल्या त्या बाटलीवर केल्या असतील. राळ त्यानं फक्त दुसऱ्यांच्या हातात पाहिली होती.

राळेनं त्याचं ऐकलं नाही. तीस वर्षं पडून राहिलेल्या त्या कंडेन्सरच्या तारा काळ्या पडलेल्या होत्या. मेव्हण्यानं सांगितल्याप्रमाणं तो त्या पात्यानं खरवडायचा, राळ लावायचा, डागणी टेकवायचा, आणि कथील तारेला न धरता गोळी होऊन टेबलावर पडायचं. धरलं तरी मळकट ढेकूळ व्हायचं. पहिल्या बारा डागांपैकी नऊ मेव्हण्यानं नखानं उचकटून काढले.

"हा खोटा. हाही खोटा. भाऊजी, हा तर नुसता शेजारी बसलाय, बोलत नाहीये."

"तार वाईट आहे."

"नाचता येईना अंगण वाकडं," मेव्हणा हसत म्हणाला. तो सहज म्हणाला होता. पण पंचेचाळीस वर्षांत पत्रेवाल्याला डागावरून कोणी हसलं नव्हतं. त्यानं डागणी खाली ठेवली आणि तो हात धुवायला गेला. हात मळलेले नव्हते.

मेव्हणा रोज दुपारी यायचा. सकाळी पत्रेवाला मागच्या खोलीत एकटाच काम करायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं आतून कडी लावली आणि फळीमागची बाटली काढली. पिसाचं टोक बुडवलं, तारेला नुसतं टेकवलं आणि डागणी लावली. कथील पळालं. डाग असा बसला, की चांदीचा थेंब.

"एकच," तो स्वतःशी म्हणाला. माणूस असं म्हणतो तेव्हा त्याचं पुढचं सगळं ठरलेलंच असतं.

दुपारी मेव्हण्यानं भिंग लावून पाहिलं. भिंग त्याच्या हातात थरथरत होतं, म्हणून त्यानं कोपर टेबलाला टेकवलं. बराच वेळ पाहिलं. मग तो बहिणीला हाक मारून म्हणाला, "ताई, हे बघ. हा डाग मला आयुष्यात असा जमला नाही."

पत्रेवाल्यानं त्या दुपारी चहा दोनदा घेतला.

मेव्हण्याला वास येण्याचा प्रश्न नव्हता. राळेच्या धुरानं त्याचं नाक कधीच मेलं होतं. उरलेले सगळे डाग त्या बाटलीवर झाले. प्रत्येक डाग दिल्यावर पत्रेवाला ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचा. त्याच्या धंद्यात डाग दिल्यावर भांडं राखेनं घासून पाण्यानं खळखळून धुतात, ही गोष्ट त्याला माहीत नव्हती असं नाही. पण अँप्लिफायर पाण्यात बुडवता येत नाही. पुसलं म्हणजे झालं, असं त्यानं मनाशी ठरवलं. शेवटचा डाग झाला तेव्हा मेव्हण्यानं मोजले. एकोणऐंशी.

व्हॉल्व्ह पेटवणाऱ्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन न्यायच्या होत्या, नाही तर आवाजात घोंघाट येतो. पत्रेवाल्यानं दिलेला पीळ दोनदा सुटला. शेवटी बायकोनं तारा ओढून घेतल्या आणि उभ्या उभ्या असा घट्ट पेड घातला की मेव्हणा म्हणाला, "ही खरी कारागीर. आपण दोघं उगीच."

चालू करायच्या दिवशी मेव्हण्यानं घरातला एक दिवा मध्ये जोडला. कुठं चूक असली तर सगळी वीज दिव्यात जाईल, तो लख्ख पेटेल आणि बाकीचं वाचेल.

"एक हात खिशात घाला," तो म्हणाला. "आत अडीचशे व्होल्ट आहेत. दोन हातांनी धरलंत तर छातीतून जातात. आणि बंद केल्यावरही लगेच हात घालायचा नाही, कंडेन्सरात साठून राहतात. मेलेल्या सापासारखं आहे हे."

"मेलेला साप चावत नाही."

"हा चावतो."

पत्रेवाल्यानं डावा हात खिशात घातला आणि उजव्यानं बटण दाबलं. दिवा पेटला, मग मंद होत होत विझत आला. व्हॉल्व्हमध्ये लाल ठिणगी दिसली. मेव्हण्यानं रेडिओ जोडला, पण गाणं लावलं नाही. बातम्या लावल्या. चाळीस वर्षं तो प्रत्येक रेडिओ बातम्यांवरच तपासत आला होता.

"गाणं कुठल्याही डब्यात गोड लागतं," तो म्हणाला. "बोलणं ऐका. वाक्य सुरू करायच्या आधी ती बाई श्वास घेते. तो ऐकू आला तर यंत्र खरं."

तिघंही वाकून बसले. बाई कुठल्या तरी पुलाविषयी सांगत होती. तिनं वाक्य संपवलं, आणि पुढचं सुरू करायच्या आधी, खोलीत कोणी चौथं माणूस बसलं असावं तसा, श्वास घेतला.

 मेव्हण्यानं खिशातला रुमाल काढला आणि चष्मा पुसला. मुलाला यायला अजून दोन महिने होते.

पाच आठवडे अँप्लिफायर मेव्हण्याच्या खोलीत वाजला. मग हवा दमट झाली, भिंतींना ओल आली आणि आवाजात कढईत काही तडतडावं तसं तडतडायला लागलं. आठवड्यानं आवाज येईनासाच झाला. पेटी पुन्हा पत्रेवाल्याच्या टेबलावर आली. मेव्हणा मीटर घेऊन बसला. थरथरत्या हातानं मीटरची टोकं लावायची आणि आकडे बोलायचे, पत्रेवाल्यानं ते कागदावर लिहायचे.

"काल इथं दोनशे चाळीस होते. आज एकशे नव्वद?"

"काल दोनशे चाळीस. मी लिहिलेत."

"आता दोनशे वीस दाखवतोय. एक तर मीटर खोटं बोलतंय, नाही तर मी." तो दुकानातून दुसरं मीटर घेऊन आला. तेही तसंच हललं. तीन दिवस तो आपलाच नकाशा समोर ठेवून बसला. एक रेघ खोडायचा, पुन्हा काढायचा. चौथ्या दिवशी त्यानं कागदाची घडी घातली.

"नकाशाच चुकलाय, भाऊजी. कुठं ते मला सापडत नाहीये. आधी सापडलं असतं." तो अगदी साध्या आवाजात बोलत होता. "मुलगा बरोबर म्हणतो. हात गेले ते दिसलं, डोकं गेलेलं दिसत नाही एवढाच फरक. ताई, मला दोन चांगल्या पिशव्या दे. कपडे भरायला."

मुलगा यायला बारा दिवस राहिले होते.

तो गेल्यावर पत्रेवाल्यानं पेटी उलटी केली. जिथं तार डागाला मिळत होती तिथं प्रत्येक ठिकाणी पिवळी नळी सरकवलेली होती. त्यानं एक नळी चिमट्यानं मागं ओढली. खाली तार हिरवी पडली होती. दुसरी ओढली. हिरवी. तिसरीतली तार चिमटा लागताच तुटून हातात आली. न धुतलेल्या तांब्याच्या भांड्याच्या बुडाशी धरतो तोच हिरवा रंग. हे ओळखायला त्याला ना मीटर लागलं, ना भिंग. तेजाब आत बसून हवेतली ओल पीत होतं आणि तांबं खात होतं. वीजही त्या ओलीतून वाट फुटेल तिथं जात होती, म्हणून आकडे हलत होते.

बायको मागं येऊन उभी राहिली होती. तिनं पेटीत डोकावून पाहिलं नाही.

"तुमच्या सदऱ्याचा वास मी बेचाळीस वर्षं धुतलाय," ती म्हणाली. "कडी लावून बसत होतात तेव्हाच मला कळलं."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"मला वाटलं, तुमच्यातला विनोद असेल काही तरी. त्याला माहीत असेल." ती दाराकडे वळली. "तो पिशव्या मागून गेला. देऊ का?"

 झाकली मूठ सव्वा लाखाची, हे पत्रेवाल्याला लहानपणापासून ठाऊक होतं. गप्प बसलं तर एकोणऐंशी डाग बाजारात कुणाला दिसणार नव्हते. मेव्हणा मुलाकडे गेला असता, पेटी माळ्यावर गेली असती, आणि त्याच्या नावाला काही झालं नसतं. त्यानं हे सगळं नीट तोलून पाहिलं, हे खोटं कशाला सांगा. मग त्यानं चपला घातल्या, पेटी आणि बाटली दोन्ही पिशवीत घातली आणि निघाला.

मेव्हणा खोलीत शर्टांच्या घड्या घालत होता. त्याच्या हातांनी घडी नीट होत नव्हती. पत्रेवाल्यानं पेटी खाटेवर उलटी ठेवली आणि शेजारी बाटली ठेवली.

"हे काय?"

"वाच."

"बाटलीवर काही लिहिलेलं नाही, भाऊजी."

"पेटीत बघ."

मेव्हण्यानं कोपर टेकवून भिंग लावलं. पत्रेवाला भिंतीकडे पाहत उभा राहिला. बाहेर कोणी तरी सायकलच्या चाकात हवा भरत होतं, तो पंपाचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"सगळे?" शेवटी मेव्हण्यानं विचारलं.

"तीन सोडून. ते तू नखानं उचकटले नव्हतेस."

"मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस."

"तो पहिला डाग. ताईला हाक मारून दाखवला तो?"

"तोही."

मेव्हणा खाटेवर बसला. आता तो ओरडेल असं पत्रेवाल्याला वाटलं, आणि ओरडला असता तर बरंच झालं असतं. पण मेव्हण्याच्या मनात दुसरंच काही चाललं होतं.

"म्हणजे दोनशे चाळीस होते ते खरे होते. आणि एकशे नव्वद तेही खरे."

"खरे."

"म्हणजे नकाशा बरोबर आहे."

"डॉक्टर, तुझा नकाशा बरोबर आहे. डाग माझे खोटे आहेत." हे वाक्य त्यानं येताना वाटेत चार वेळा म्हणून पाहिलं होतं. तरी ते जड गेलं.

मेव्हण्यानं भिंग खाली ठेवलं आणि तो हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला. "चाळीस वर्षांच्या व्हॉल्व्हला तुम्ही बादली समजलात! अहो, मी तीस वर्षं चेष्टा करत होतो, आणि तुम्ही मला खरं करून दाखवलंत." मग तो एकदम थांबला. "पण मला पिशव्या मागायला लावल्यात, भाऊजी. ते बरं नाही केलंत."

"नाही केलं," पत्रेवाला म्हणाला.

त्या दिवसापासून दोघं पुन्हा टेबलाला बसले. सगळ्या तारा कापून टाकल्या. व्हॉल्व्हच्या बैठका फेकून दुसऱ्या आणल्या, बाकी प्रत्येक तुकडा स्पिरिटनं धुतला. पत्रेवाल्यानं आता एकेक तार लखलखीत होईपर्यंत खरवडली, राळ लावली आणि घाई केली नाही. डाग तारेला धरायचा नाही तो उचकटून पुन्हा द्यायचा. दिवसाला तीन-चार जमायचे. बारा दिवसांत काम पुरं होणार नाही हे दोघांनाही पहिल्याच दिवशी कळलं होतं.

मुलगा आला तेव्हा पेटी टेबलावर उलटी पडलेली होती आणि निम्म्या तारा लोंबत होत्या. आत्या पुढं आली, त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं. तो बघत बसला. बाप खुर्चीत मागं रेलून, डोळे मिटून सांगत होता, "आता तिसऱ्या व्हॉल्व्हची पाच नंबरची टाचणी. तिथं दोन रेझिस्टन्स येतात. तपकिरी पट्ट्याचा आधी घ्या. तो नाही, भाऊजी, त्याच्या शेजारचा." कागद घडी घालून त्याच्याच खिशात होता.

मुलानं कागद काढून घेतला आणि बोट ठेवून ताडून पाहायला लागला. अर्धा तास तो ताडत होता. बापाचं एकदाही चुकलं नाही.

"पण वाजत तर नाहीये, बाबा," तो अखेरीस म्हणाला. "ठरलं होतं वाजायचं."

 भाऊजींचं नाव मेव्हणा सांगणार नव्हता. पत्रेवाल्यानं डागणी तिच्या स्टँडवर ठेवली.

"वाजत होतं," तो म्हणाला. "मी बंद पाडलं. बापानं नको म्हटलेलं लावलं आणि लपवलं. तुझ्या बापाचं डोकं तुझ्या-माझ्यापेक्षा ठीक आहे. हात माझे वाईट निघाले."

मुलगा आत्याकडे बघायला लागला. लहानपणापासून तो या माणसाच्या बादल्यांची स्तुती ऐकत आला होता. आत्यानं नुसती मान हलवली.

मुलगा दोन दिवस राहिला. त्यानं दुकानाला आपोआप बसणारं कुलूप लावून घेतलं, एक किल्ली आत्याकडे दिली आणि एकटाच परत गेला. भरलेल्या पिशव्या आत्यानं स्वतः रिकाम्या केल्या.

अँप्लिफायर त्यानंतर अकरा दिवसांनी वाजला. पत्रेवाल्यानं डावा हात खिशात घातला, दिवा पेटला आणि मंद झाला. बातम्यांची बाई तीच होती. डाग दिसायला मळकटच राहिले. मेव्हण्यानं ते भिंग लावून एकेक पाहिले, आणि कुणाची स्तुती केली नाही. "बोलतात," एवढंच म्हणाला.

मेव्हणा पुढं नऊ वर्षं त्याच खोलीत राहिला आणि अँप्लिफायर रोज सकाळी बातम्यांपुरता लावत राहिला. त्याचा एकही डाग पुन्हा द्यावा लागला नाही. पत्रेवाल्याला मात्र त्यातली दोनच वर्षं ऐकायला मिळाली. जुळ्या मुलींना दोन वर्षं पुरी होऊन तिसरं लागलं, त्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, तो वारला.